दोन वड्या, एक पाटी

आमच्या थोरल्या दिरांना, अंबादासपंतांना, माणसांचा राग कधी यायचा नाही. कुणी तोंडावर चार शब्द बोललं तरी ते टोपी सारखी करून पुढं जायचे. पण 'वाया गेलं' हे दोन शब्द कानावर पडले की त्यांचा चेहरा पाहवत नसे. तांदळाचं धुवण तुळशीला, कलिंगडाच्या पांढऱ्या सालीची भाजी, फाटक्या धोतराच्या वाती. स्टोव्ह पेटवलेली काडीसुद्धा विझवून पुन्हा डबीत जायची, कारण शेगडीवरून दिव्याला विस्तव न्यायला ती चालते. शिवाजी पेठेत आमच्या घराला 'केरसुणीला सुट्टी असलेलं घर' म्हणत. म्हणणारे चेष्टेनं म्हणत आणि भाऊजी ते कौतुक म्हणून घेत.

मी या घरात सून म्हणून आले ती कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं त्या साली. माहेर गारगोटीचं, वडील शाळामास्तर, आणि माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी शेंगा सोलून टरफलं उकिरड्यावर टाकली, तर भाऊजी स्वतः सूप घेऊन ती गोळा करायला गेले. सगळी गल्ली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या थोरल्या जाऊबाई, श्यामलावहिनी, पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "होईल सवय." सवय झाली, पण राग गेला नाही, हे खरं सांगते.

भाऊजी गणपतरावांच्या गिरणीत कारकून होते. शाहूपुरीच्या पलीकडं शेंगा फोडायची ती गिरणी. दिवाळी झाली की बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, यंत्र दिवसभर खडखडायचं, दाणे पुढच्या दारानं तेल्यांकडं जायचे आणि टरफल मागं पडायचं. बघता बघता त्याचा डोंगर व्हायचा. वारा सुटला की ते शेजाऱ्यांच्या डोळ्यांत, वळवाचा पाऊस पडला की कुजून वास, आणि उन्हाळ्यात कुणी बिडीचं थोटूक टाकलं की आग. एक-दोन वीटभट्टीवाले गाड्या भरून न्यायचे, पण त्यानं त्या डोंगराचं टोकही झिजत नसे. गणपतराव वैतागून म्हणायचे, "शेंग देवानं केली आणि टरफल सैतानानं."

त्या टरफलाला आणखी एक वाट होती. गिरणीत शेंगा पाखडायला आणि दाणे निवडायला बायका असत, आणि संध्याकाळी सुटताना प्रत्येक बाई आपली पाटी टरफलानं भरून घरी न्यायची. गणपतरावांच्या वडिलांपासूनची ही रीत. लक्ष्मीच्या दारातून बाईनं रिकाम्या पाटीनं बाहेर पडू नये, असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की पहिली पाटी मालक आपल्या हातानं भरायचे आणि तिच्यावर हळदकुंकू टाकायचे. बाकी वर्षभर त्या पाट्यांकडं कुणी वळूनही बघायचं नाही.

भाऊजींनीही बघितलं नाही. त्यांना दिसायचा फक्त तो डोंगर. कोळसा मिळेना, रॉकेलला रांगा, लाकूड दरसाल महागलेलं, आणि इथं एवढं जळण पावसात कुजतंय, याचा त्यांना घोर लागला होता. जेवताना ताटात बोटानं रेघा मारत ते म्हणायचे, "सुटं टरफल भसकन जळतं आणि संपतं. त्याला बांधता आलं पाहिजे. बांधलं की ते हळू जळेल."

झालं, आमच्या परड्यात प्रयोग सुरू झाले. पहिल्यांदा टरफल कुटून शेणात थापलं, तर असा धूर झाला की शेजारच्या तालमीतली पोरं जोर सोडून बाहेर आली. मग चिकणमातीत थापलं, तर त्याच्या विटा झाल्या. त्या भिंतीला लावता आल्या असत्या, पण पेटायला तयार होईनात. मग भाताच्या पेजेत कालवलं, तर उंदरांनी एका रात्रीत फस्त केलं. आणि हे सगळं टरफल बारीक करायचं कुणी, तर मी. जात्यावर टरफल दळणारी सून अख्ख्या कोल्हापुरात मी एकटीच असेन. लोक कोंड्याचा मांडा करतात म्हणे, आमच्याकडं कोंड्याचा विस्तव चालला होता. मी नवऱ्यापाशी कुरकुरले की माधवराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "करू दे गं दादाला. दारू तर पीत नाही ना?"

चौथ्या वर्षी मात्र देव पावला, आणि तो पायताणातून पावला. वहिनींचं माहेर मुरगूडचं. तिथं त्यांच्या वडिलांची जमीन करणाऱ्या आण्णांचं गुऱ्हाळ लागलं होतं. भाऊजी गिरणीतून थेट मोटारीनं तिकडं गेले, अंगाकपड्यावर टरफलाचा भुसा तसाच. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळायला लागला की वर काळपट फेस येतो. ती मळी. गुळव्या ती झाऱ्यानं काढून बाजूच्या खड्ड्यात टाकतो. त्यातली थोडी जनावरांना जाते, उरलेल्या खड्ड्यावर माश्या. भाऊजींना ती वाया जाताना बघवेना, म्हणून खड्ड्याच्या कडेला उभे राहून ते विचार करत होते, आणि विचार करता करता एक पाय आत गेला. घरी आले तेव्हा चपलेच्या तळाला मळी आणि भुसा यांचा एक थर वाळून बसलेला. वहिनींनी तो दगडानं ठेचला, विळीनं खरवडला, तरी निघेना. भाऊजी ओट्यावर ती चप्पल उलटी धरून बसले होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, यांना काहीतरी होतंय.

पुढच्या गाडीनं ते मुरगूडला जाऊन मळीचे दोन डबे घेऊन आले. आण्णा म्हणाले होते, "न्या की समदी. गुऱ्हाळावरनं कोण रिकामं जातंय?" पहिल्या वड्यांना मुंग्या लागल्या. मग भाऊजींनी त्यात चुन्याची निवळी घातली, मुंग्या गेल्या आणि वडी जास्तच घट्ट झाली. वाटीच्या आकाराची, तपकिरी, आठ दिवस कडक उन्हात वाळवली की वाजवल्यावर कौलासारखी वाजायची. पेटायला जरा वेळ घ्यायची, पण एकदा पेटली की धूर नाही, भडका नाही, नुसता लालभडक निखारा.

मग त्यांनी मला कामाला लावलं. एक दिवस बंबात एक पाटी टरफल जाळायचं आणि एक दिवस दोन वड्या, आणि पाणी किती तापतं ते हात घालून सांगायचं. आठवडाभर मी ते केलं. माझा अविश्वास त्यांना ठाऊक होता, म्हणूनच काम माझ्याकडं. शेवटी मलाही कबूल करावं लागलं. पाटीभर टरफलानं जेवढं पाणी तापायचं, तेवढंच दोन वड्यांनी तापायचं, आणि वर ते दुपारपर्यंत कोमट राहायचं. "दोन वड्या म्हणजे एक पाटी," भाऊजी म्हणाले. ते वाक्य त्यांनी त्या दिवशी इतक्यांदा म्हटलं की वहिनी म्हणाल्या, "आता जेवा."

गणपतराव स्वतः आमच्या घरी बंब बघायला आले. पाण्यात हात घातला, चटका बसला, तेव्हा त्यांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. "पंत, एवढी वर्सं माझ्या गिरणीत बसून ही कला लपिवली व्हय?" महिनाभरात गिरणीच्या मागं एक पत्र्याची शेड उभी राहिली. वड्या थापायला बायका गिरणीतल्याच, कारण थापायचा हात त्यांनाच. त्यांत सगळ्यांत चांगला हात धोंडुबाईचा. पन्नाशीची, उंच, मोठ्या आवाजाची बाई. आयुष्यभर शेणी-गोवऱ्या थापलेल्या, त्यामुळं तिच्या हातची वडी ना कडेला फुटायची ना मध्ये फुगायची. भाऊजी शेडमधल्या पाटावर बसून ते बघायचे. रस्त्यानं लोक त्यांना नमस्कार करू लागले होते. बावन्न वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा कुणी विचारत होतं, आणि ते त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचं. मला ते आवडायचं. वरून मी काही म्हणत नव्हते एवढंच.

मार्गशीर्षात गणपतरावांनी हुकूम काढला की टरफल आता गिरणीबाहेर जायचं नाही. वीटभट्टीवाल्यांना नाही आणि बायकांनाही नाही. बायका बोलायला लागल्या तेव्हा ते म्हणाले, "रीत मोडत न्हाय मी. रिकाम्या पाटीनं कुणी जायचं न्हाय. पाटीमागं दोन वड्या घ्या. पंतांनीच सांगितलंय की, दोन वड्या म्हंजे एक पाटी." आणि भाऊजींनी मान डोलावली. त्यांना ते बरोबरच वाटलं. घरी येऊन ते वहिनींना सांगत होते, की आता बायकांना डोक्यावर ओझं वाहायला नको, दोन वड्या ओटीत टाकल्या की झालं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी त्या आठवड्यात स्वतः हात घालून बघितलं होतं ना.

पौषात धोंडुबाई कामावर यायची थांबली. नेमकं त्याच वेळी गणपतरावांनी एक मोठं गिऱ्हाईक आणायचं ठरवलं होतं. शहरात विद्यार्थ्यांची बोर्डिंगं कितीतरी, आणि त्या सगळ्यांच्या बंबांना सरपण पुरवणारा एक ठेकेदार वड्या बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं तर गिरणीतलं सगळं टरफल वड्यांत जाणार आणि भाऊजी शेडचे व्यवस्थापक होणार. त्यासाठी लागणाऱ्या वड्या धोंडुबाईच्याच हातच्या हव्यात, म्हणून भाऊजी तिला बोलवायला निघाले. तिची लेक बाळंतपणाला आलेली आहे असं कळलं होतं. बाळंतिणीच्या घरी पुरुषानं एकट्यानं कसं जायचं, म्हणून मला बरोबर घेतलं.

रंकाळ्याच्या वाटेवर तिची एका खणाची झोपडी. भिंत मातीची, आणि त्या मातीत टरफलाचे तुकडे दिसत होते. धोंडुबाई दारातच चुलीपाशी बसली होती आणि हातानं काहीतरी मोडून आत घालत होती. जवळ गेल्यावर दिसलं, ती तिची पाटी होती. बांबूच्या कामट्या सुट्या करून ती एकेक चुलीत सारत होती, आणि वर पाण्याचं भगुणं.

"धोंडुबाई, पाटी जाळताय?" भाऊजी म्हणाले.

"रिकामी पाटी घरात ठिवून काय करू, पंत?" ती म्हणाली. "बसा की. पावणं आल्यावर उभं र्‍हावू ने."

मी आत गेले. लेक बाजेवर होती, कुशीत चार दिवसांचं मूल. बाजेखालची शेकाची शेगडी थंड. कोपऱ्यात एक शेळी उभी होती, बसत नव्हती, कारण खाली ओली जमीन होती. बाळंतिणीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं तेव्हा तिचे पाय लागले, आणि ते गार होते.

बाहेर भाऊजी विचारत होते, "पण वड्या मिळत होत्या ना तुम्हाला? रोजच्या दोन?"

"कामावर हुते तवर मिळत हुत्या की. वडी चांगली हाय, पंत. खोटं कशाला बोलू?" धोंडुबाईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "पर ती एकदा पेटली की इझवून ठिवता येत न्हाय. मला दिसातनं पाच येळा थोडं थोडं पायजे. सकाळी पोरीच्या पान्याला मूठभर, मग भाकरीला, मग शेकाला, पुन्ना बाळाच्या अंगुळीला. टरफल हुतं तवा मूठ घातली की पेटायचं, काम झालं की इझायचं. वडी सकाळी पेटिवली की दुपारपतूर एकटीच जळत बसतीया. तवा मी कामावर, लेक अवघडल्याली. कुनासाठी जळतीया ती?" मग ती उठली आणि शेळीकडं बोट केलं. "आन् तिच्या खाली काय आथरू, वडी? गोधडीच्या खाली बी तेच आथरायची मी. भिंत लिंपायला बी तेच. आता सांगून काय उपेग? मालकांचं हाय, मालकांनी ठिवलं."

भाऊजींनी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुनी?" धोंडुबाई म्हणाली, आणि शेवटच्या दोन कामट्या चुलीत सारून ती पाणी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी ते गणपतरावांकडं गेले आणि पाट्या पुन्हा सुरू करा म्हणून सांगितलं. एवढ्या डोंगरातून बायकांच्या पाट्या गेल्या तर कितीसं कमी होणार आहे, असंही म्हणाले. गणपतराव हसले. "पंत, एवढी वर्सं तुमीच माझ्या मागं लागलासा न्हवं, की वाया घालवू नगा म्हणून? आता मला कळलं, तर तुमी उलटं फिरताय. ज्याला किंमत हाय ते फुकट वाटायचं आसतंय व्हय? उद्या दाणं बी न्हेतील." भाऊजी तसेच माघारी आले. ते सगळं त्यांनीच शिकवलेलं होतं.

त्यांनी मग स्वतः आमच्या परड्यात वड्या थापल्या, धोंडुबाई नव्हती म्हणून. ठेकेदार यायच्या आदल्या दिवसापर्यंत पहिल्या घाण्यातल्या कडक वाळल्या होत्या, आणि फळीवर आदल्या दिवशीच्या ओल्या होत्या. कडक वड्या मी निवडून एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. डबा दाराशी ठेवला, म्हणजे भाऊजी विसरणार नाहीत. सकाळी ते लवकर निघाले. दहा वाजता मी केर काढायला गेले तर डबा जागेवर, आणि फळीवरच्या ओल्या वड्या गेलेल्या.

माझ्या डोक्यात तिडीकच उठली. चार वर्षं मी जात्यावर टरफल दळलं, धूर खाल्ला, आणि ऐन वेळी हे गृहस्थ ओल्या वड्या घेऊन गेले. वहिनींना न सांगताच मी डबा उचलला आणि नऊवारीचा ओचा सावरत शाहूपुरीपर्यंत जवळजवळ पळतच गेले.

गिरणीच्या अंगणात बंब मांडला होता. गणपतराव खुर्चीवर, शेजारी ठेकेदार, भोवती गिरणीतल्या बायका. बंबातून पांढरा धूर येत होता, आणि तो थांबत नव्हता. ठेकेदार तोंडावर रुमाल धरून खोकत होता. भाऊजी बंबापाशी उकिडवे बसून फुंकणीनं फुंकत होते. मी गर्दीतून वाट काढून पुढं गेले आणि डबा त्यांच्यासमोर धरला. "भाऊजी, तुम्ही चुकून—"

त्यांनी वर बघितलं. धुरानं डोळे लाल झाले होते. शांतपणे म्हणाले, "प्रमोदिनी, तो डबा घरी असू दे."

मी तिथंच थबकले. त्या माणसाकडून आजवर एक काडी चुकली नव्हती. कोणती वडी कधी थापली हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी डबा पदराखाली घेतला.

गणपतरावांनी पाण्यात हात घातला. मग पुन्हा घातला. "पंत, हे काय? तुमच्या घरी तर हात भाजला हुता माझा."

"त्या दिवशी खाली लाकडाचे ढलपे होते," भाऊजी म्हणाले. "मी बोललो नाही. नुसती वडी एवढीच जळते. दोन वड्या म्हणजे एक पाटी हा माझा हिशेब चुकला." ते उभे राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढं म्हणाले, "टरफलच ते, गणपतराव. त्याचं काही होत नाही. ते वायाच जायचं."

ज्या माणसाला तो शब्द ऐकवत नसे, तो त्यानं असा चारचौघांत उच्चारला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणाचा ते कळत नव्हतं. ठेकेदार उठला, टोपी झटकली आणि निघाला. गणपतराव काळेनिळे झाले होते. त्यांनी शेडकडं हात केला. "उचला ते समदं. चार म्हयनं वाया घालवलं ह्या शान्यानं." मग बायकांकडं वळून म्हणाले, "आन् तुमी काय बघताय? न्या तुमचा कचरा. पाट्या भरा आन् चला." वडी कशी जळते हे घरी बघितलेल्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि त्याच संध्याकाळी पाट्या भरून बाहेर पडल्या.

भाऊजींची नोकरी गेली नाही. गणपतराव तसे मनाचे वाईट नव्हते, पण त्यानंतर ते सगळ्यांसमोर त्यांना 'वडीवाले पंत' म्हणून हाक मारायचे आणि लोक हसायचे. पेठेतही ते पसरलं. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं विचारायची, "काय पंत, पानी तापलं का?" भाऊजी टोपी सारखी करून पुढं जायचे.

त्या दिवशी घरी येताना मी त्यांना सोडलं नव्हतं. वाटेतच विचारलं, "खोटं का बोललात? हिशेब बरोबर होता. मी स्वतः हात घालून बघितलाय."

"बरोबर होता," ते म्हणाले. "पण तो मी आपल्या बंबाला विचारून केला होता. तिच्या चुलीला नाही." भर रस्त्यात त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "ते मौल्यवान आहे हे गणपतरावांना मीच दाखवलं. आता ते तिला परत मिळायचं तर त्यांच्या लेखी ते पुन्हा कचरा व्हायला पाहिजे होतं. दुसरी युक्ती मला सुचली नाही. तुला सुचली असती तर सांग."

मला सुचली नव्हती. आजही सुचत नाही. पत्र्याच्या डब्यातल्या वड्या वहिनींनी पुढं आमच्याच बंबात घातल्या. पाणी नेहमीसारखं कडकडीत तापलं. सगळ्यांनी आंघोळी केल्या.

माघात, लेकीचं बाळंतपण उरकून ती सासरी गेल्यावर, धोंडुबाई आमच्या घरी आली. डोक्यावर नवी पाटी, टरफलानं शिगोशीग भरलेली. परड्यात येऊन तिनं ती उपडी केली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भाऊजी ओट्यावर वाती वळत बसले होते.

"तुमच्या बंबाला आणलंय, पंत," ती म्हणाली. "लोक काय बी बोलत्यात. आयकलंय मी समदं. मनाला लावून घिऊ नगा. वडी माझ्या हातची न्हवती, म्हणून बिघडली आसंल. मानूस चुकतंय. तुमी काय वाईट बुद्धीनं केलंतं व्हय? समद्यांनाच समदं जमत न्हाय."

मी दारात उभी होते. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, की अगं बाई, चुकलं काही नव्हतं, तुझ्यासाठी केलंय त्यांनी ते. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं आणि मान किंचित हलवली. मी चौकट घट्ट धरली.

"आमी हाय की," धोंडुबाई म्हणाली. "रोजच्याला ह्याच वाटंनं जातो. मधनं मधनं पाटीभर टाकून जाईन. टाकू न्हवं?"

भाऊजी ओट्यावरून उठले आणि त्यांनी तिला दोन्ही हात जोडले.

"टाका, धोंडुबाई," ते म्हणाले. "आमच्याकडं जळायला काही नाही."